पाठमोरा की लाल हातमोजे

वाळलेली सुपारी कानाशी धरून हलवायची असते. आतली गोटी सालापासून सुटली असेल तर ती खुळखुळते, मग ती सोलायच्या ढिगात टाकायची. मुकी राहिली तर परत अंगणात, उन्हात, आणखी चार दिवस. मुरुडच्या वाड्यांमध्ये मे महिन्यात घरोघरी हे काम चालतं. शाळेला सुट्टी लागली की मी अलिबागहून एसटी पकडते आणि माहेरी येते. लोकांना सांगते, सुपारी सोलायला भावाला मदत लागते. भाऊ हे ऐकून गालातल्या गालात हसतो. मी सुपारीसाठी कमी आणि जुबेदाशी भांडायला जास्त येते, हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

भांडणाचा विषय सांगितला तर तुम्हीही हसाल. ऐंशीच्या दशकातल्या विलायती पॉप-रॉक अल्बमांमध्ये पहिला नंबर कुणाचा, यावर आम्ही दोघी पंचावन्न ओलांडलेल्या बायका चाळीस वर्षं भांडतो आहोत. एकीचे गुडघे गेलेत, दुसरीला साखर आहे. दोघींचं इंग्रजी पाचवीत सुरू झालं आणि दहावीत जेमतेम पास होऊन थांबलं. तरी दहा अल्बमांची आमची यादी आहे आणि ती दर मे महिन्यात नव्यानं लावली जाते. खालच्या आठ नंबरांवर थोडीफार ढकलाढकली होते, एखादा चढतो, एखादा घसरतो. वरचे दोन मात्र कधी ठरलेच नाहीत. नियम असा की पहिला नंबर दोघींना मान्य पाहिजे. मी म्हणते पाठमोरा, ती म्हणते लाल हातमोजे, आणि सुट्टी संपते.

ही अल्बमांची खरी नावं नव्हेत. खरी नावं आम्ही पुढे वाचली, पण ती आम्हाला परक्या माणसांची वाटली.

जुबेदा गडग्यापलीकडची. गडगा म्हणजे आमच्या वाडीची आणि त्यांच्या परसाची दगडी हद्द, कमरेइतकी उंच. लहानपणापासून ती फाटकातून कधी आलीच नाही, गडग्यावरून उडी मारूनच यायची. वडील बोटीवर खलाशी, वर्षातून एकदा दिसणारे. बशीरमामू बहरीनला. घरात अम्मी आणि ही. आमच्याकडे आई, मी, धाकटा भाऊ आणि सुपारीची झाडं.

ते आमचं दहावीचं वर्ष. परीक्षा संपली होती, निकाल जूनमध्ये. मधले दिवस कसे काढायचे हे कुणी शिकवलेलं नव्हतं. आईनं मात्र पहिल्याच दिवशी पाट पुढे सरकवला, त्यावर ठोकलेलं लोखंडी पातं दाखवलं आणि म्हणाली, "बस. रिकामी राहिलीस तर निकालाचंच डोक्यात येईल." पडवीत एका बाजूला सुपारीचा ढीग, दुसऱ्या बाजूला सालांचा. सालांचा तो कोरडा तुरट वास, मागच्या कोळीवाड्यात वाळणाऱ्या जवळ्याचा वास, आणि दुपारी दोननंतर वाऱ्याबरोबर येणारा खारा चिकटपणा. अंगाला कपडा चिकटायचा, सुपारी पात्यावर घसरायची. आजही कुणी 'निकाल' म्हटलं की माझ्या नाकात आधी सुपारीची सालं येतात.

त्याच सुमाराला बशीरमामू सुट्टीवर आले. आखातातून माणूस आलं की त्याची बॅग सोडायला शेजारीपाजारी जमायचे. ही रीतच होती. न बोलावता जायचं, चहा घ्यायचा, आणि मामू एकेक वस्तू काढतील तसं 'अगो बाई' म्हणायचं. साबणाच्या वड्या, बाम, दुधाच्या पावडरीचे डबे, झुळझुळीत कापडं, एक टॉर्च. त्या वर्षी बॅगेच्या तळातून लुंगीत गुंडाळलेला टू-इन-वन निघाला आणि त्याच्याभोवती कॅसेटी. मामू मोठ्या समाधानानं म्हणाले, "दुकानवाल्याला सांगितला, आमच्या पोरीची मॅट्रिक हाय, अंग्रेजी सुधारायला काय तरी दे. त्यानं ह्ये दिलं. रोज ऐकलास तर पेपर सोपा जाईल."

पेपर होऊन महिना झाला होता. आणि त्या कॅसेटींवर केस पिंजारलेली, बुबुळं फिरवणारी माणसं होती. जुबेदानं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं, आणि आम्ही दोघींनी एका सुरात मामूंना सांगितलं की अगदी हेच पाहिजे होतं.

दुसऱ्या दिवसापासून जुबेदा गडग्यावरून यायची ती टू-इन-वन कडेवर घेऊन, मूल घ्यावं तसा. पडवीत तिचा पाट माझ्या पाटासमोर. मध्ये तो चांदीच्या रंगाचा डबा. कॅसेटींवरची नावं वाचून काही उमजायचं नाही, म्हणून आम्ही चित्रावरून नावं ठेवली. चौघे जण गच्चीवर उभे आणि चौघांच्या डोक्यावर नारळाचा सोडणा, म्हणजे वरची काथ्याची साल, उलगडून ठेवल्यासारखे केस, ते केसवाले. शेतात एकटी खुर्ची, ती खुर्ची. एका कॅसेटीवर नुसते दिवेच दिवे, ती जत्रा. धक्क्यावर बॅग ठेवून समुद्राकडे तोंड करून उभा असलेला माणूस, तो पाठमोरा. आणि एका बाईचे कोपरापर्यंत लाल हातमोजे घातलेले हात, बाकी बाई दिसतच नाही, ते लाल हातमोजे. हातमोजे का घातले असतील यावर आमची बरीच चर्चा झाली. आई म्हणाली, "मिरच्या कुटायला बसली असेल."

यादीची कल्पना आईमुळेच सुचली. सोललेल्या सुपारीची प्रतवारी ती स्वतः करायची, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. गोल, जड, डाग नसलेली ती मोठी. त्याखालची मध्यम. तडकलेली ती फटोर. आतून पोकळ किंवा काळी पडलेली ती खोका. सुपारी हातात घेतली न घेतली तोच ती बरोबर टोपलीत जाऊन पडायची. जुबेदा एकदा म्हणाली, "काकी, गाण्यांचापन असा करायला पायजे." आई म्हणाली, "करा की. पण हात चालू ठेवून." तेव्हापासून अल्बमची पहिली परीक्षा ही झाली की त्याच्या तालावर सुपारी सोलता येते का. केसवाले पहिल्याच दिवशी नापास झाले, कारण त्यांच्या नादानं माझं बोट कापलं आणि आईनं त्यांच्यावर बंदी घातली. ते आजही दहाव्या नंबरावर आहेत. जत्रा सालं भरताना बरी. खुर्ची ऐकताना हात आपोआप मंद व्हायचे आणि आई ओरडायची.

खुर्चीचं आणखी एक होतं. त्या काळी आखातातली माणसं पत्र लिहिण्यापेक्षा कॅसेट भरून पाठवायची. लिहायचा कंटाळा, आणि घरच्यांना आवाज ऐकायला मिळतो. मामूंनी परत गेल्यावर भरून पाठवायच्या निरोपाचा सराव म्हणून की काय कोण जाणे, खुर्चीच्या मधोमध बोलून ठेवलं होतं. एक बाई इंग्रजीत जीव काढून रडते आहे आणि एकदम मामू खाकरतात. "अस्सलामवालेकुम. मी खुशाल हाय. हितं गरमी लय हाय. फणसाची भाजी खावीशी वाटते." मग पुन्हा बाई रडायला लागते. आम्हाला ते अल्बमचाच भाग वाटू लागलं. मामू आता नाहीत. खुर्ची फोनवर ऐकली तर त्या जागी मामू नसतात, आणि दर वेळी मला तिथे अल्बमनं चूक केल्यासारखी वाटते. यादीत खुर्ची चौथी आहे, मामूंसकट.

पाठमोऱ्यावर आमचं पहिलं भांडण झालं ते त्याच्या चित्रावरून. मी म्हटलं, हा आत्ता बोटीतून उतरलाय, घरी जाण्याआधी एकदा समुद्र बघतोय. जुबेदा म्हणाली, "येडी हायस. ह्यो चाललाय. घरी आलेला मानूस पाठ करून उभा ऱ्हातो काय?" तिचे वडील, तिचे मामू, तिच्या मोहल्ल्यातली अर्धी पुरुषमंडळी तिनं जाताना पाहिलेली, आणि जाणाऱ्या माणसाची पाठच दिसते. माझ्या घरातले कुणी कुठे गेलेच नव्हते. त्यामुळे मला त्याची पाठ ऐटदार वाटायची आणि तिला राग यायचा. गाणी तिला आवडायची, हे मला माहीत आहे. ती गुणगुणायची. पण पहिला नंबर ती त्याला द्यायला तयार नव्हती.

तिचा जीव लाल हातमोज्यांवर. पहिली बाजू आम्ही इतकी ऐकली की शेवटी फीत सैल पडून आत गुंतायची, मग बॉलपेन घालून फिरवायची. टेपचं डोकं पुसायला मामूंच्या कलोनचा बोळा, त्यामुळे त्या बाईच्या आवाजाला कलोनचा वास यायचा. शब्द कळत नव्हते म्हणून आम्ही आमचे घातले. एका ओळीत चक्क 'कालवण उतू गेलं' असं ऐकू यायचं आणि आम्ही ते गळा काढून म्हणायचो. पण दुसरी बाजू जुबेदानं ऐकूच दिली नाही. म्हणाली, ती निकालाच्या दिवशी ऐकायची. पास झालो तर बक्षीस, नापास झालो तर औषध. मी महिनाभर कटकट केली, ती बधली नाही.

निकाल लागला. दोघी पास. आईनं शिरा केला. जुबेदा गडग्यावरून आली, बशी हातात घेऊन बसली, कॅसेट उलटी घातली आणि बटण दाबलं. दोन क्षण खरखर. मग तिच्या अम्मीचा आवाज. "बशीर, सगळी खैरियत हाय. आपल्या जुबेदासाठी श्रीवर्धनवरना सांगून आलाय. पोरगा तुज्याच गावी, बहरीनला हाय. तू जरा बघून घे. ती अठराची झाली का निका करू."

मामू सुट्टी संपवून परत गेले होते आणि खालांना, म्हणजे जुबेदाच्या अम्मीला, घरात कोरी कॅसेट सापडली नव्हती. कॅसेटीच्या वरच्या कडेची प्लास्टिकची चिमटी, कुणी त्यावर दुसरं काही भरू नये म्हणून, आम्ही तोडून ठेवली होती, पण त्या भोकात कागदाचा बोळा घातला की पुन्हा भरता येतं, हे आखाताशी नातं असलेल्या प्रत्येक घरातल्या बाईला माहीत होतं. बहरीनला जाणारं कुणी मिळालं की कॅसेट त्याच्याबरोबर धाडायची, एवढंच राहिलं होतं. मुलीनं ती आधी ऐकावी असं त्यांच्या मनात नसणार. जुबेदानं सगळं शेवटपर्यंत ऐकलं. अम्मीनं गाईचं, पावसाचं, कौलांचं सगळं सांगितलं होतं. मग तिनं बटण बंद केलं आणि शिरा खाल्ला. मला आजही वाटतं की मी काही तरी बोलायला हवं होतं.

तिचं वाईट झालं असं मात्र नाही. माणूस चांगला मिळाला, फक्त गाण्यात ढ. बहरीनला मामूंच्या घरी तिला तीच कॅसेट भेटली. पहिली बाजू तिथेही ती ऐकत राहिली. मी शिकायला पुण्याला गेले, शिक्षिका झाले, अलिबागला स्थिरावले. दर मे महिन्यात ती मुरुडला यायची, मीही यायचे, आणि पडवीत यादी निघायची. माझा मुद्दा साधा होता: ज्या अल्बमची एक बाजू तू ऐकलीच नाहीस त्याला पहिला नंबर कसा? अर्ध्या पेपराला पूर्ण मार्क देत नाहीत. ती म्हणायची, "तू मास्तरीन हायस, तू देऊ नको." मी पुण्यातच तो पूर्ण अल्बम ऐकला होता. तिला हव्या तेवढ्या नव्या कॅसेटी बहरीनच्या दुकानात मिळाल्या असत्या, पुढे तर फोनवर फुकट. पण तिनं दुसरी बाजू कधी लावली नाही. एकदा फार ताणलं तेव्हा म्हणाली, "त्या बाजूला माजी अम्मी हाय." त्या वर्षी मी पुढे वाद घातला नाही. पुढच्या वर्षी घातला.

पुण्याचं आणखी एक सांगायला हवं. होस्टेलमध्ये एका मुलीनं पाठमोरा लावला आणि मी उठून बसले. माणूस घाईत होता. त्याला एसटी गाठायची होती जणू. आवाजही बारीक, सर्दी उतरल्यासारखा. मी त्या मुलीला सांगितलं, तुझा टेप बिघडलाय. तिनं दुसऱ्या टेपवर लावला, तिसऱ्यावर लावला. मग कळलं. मुरुडच्या खाऱ्या हवेत आमच्या टू-इन-वनचा आतला रबरी पट्टा सैलावला होता आणि तो सगळ्यांनाच हळू गायला लावत होता. जुबेदाला मी पत्रानं कळवलं. तिचं उत्तर आलं, बहरीनचे सगळे टेपही बिघडलेले आहेत. चूक आमच्या डब्याची होती हे आम्ही दोघींनी समजून घेतलं, पण मान्य केलं नाही. आमचे दहाच्या दहा अल्बम त्या सैल पट्ट्यावरचे आहेत. असे अल्बम जगात कुणी काढलेच नव्हते.

दोन वर्षांपूर्वी जुबेदा कायमची परत आली. नवरा वारला, मुलं तिकडेच. पाच-सहा वर्षांपूर्वीच्या वादळात आमची अर्धी वाडी झोपली होती, भावानं नंतर लावलेली रोपं यंदा पहिल्यांदा लागली. थोडीच सुपारी, पण नवी. मी आले, पाट मांडले, ती आली. आता ती फाटकातून येते. तिसऱ्या दिवशी मी नेहमीप्रमाणे खडा टाकला. "मग? पाठमोरा की लाल हातमोजे?"

ती पात्यावर सुपारी दाबत होती. एकदा माझ्या तोंडाकडे पाहिलं, मान खाली घातली आणि म्हणाली, "तुजाच पहिला. घे."

मला आधी वाटलं थट्टा. मग वाटलं, म्हातारपणी शहाणपण आलं. मी भावाला हाक मारून सांगितलं, मुलीला पनवेलला फोन करून सांगितलं. चाळीस वर्षांनी जिंकले होते, मिरवणूकच काय ती बाकी होती. आणि मग सोलायला सुपारी उचलली तर ती कच्ची. दुसरी उचलली, तीही. तिच्या हातून सोलायच्या ढिगात आलेल्या सुपाऱ्या मी एकेक कानाशी धरून हलवल्या. सात-आठ तरी मुक्या निघाल्या. आईच्या वेळी जुबेदाच्या कानाला शंकाच नसायची. आई म्हणायची, ही पोरगी सुपारीचं मन ओळखते. ती पडवीच्या टोकाला पाठ करून सालं भरत होती. मी हाक मारली, "जुबे." मग जरा मोठ्यानं, "जुबे!" तिनं वळून पाहिलं नाही.

मी उठून तिच्यासमोर जाऊन बसले. तिला कळलं. तिनं पिशवीतून एक छोटी डबी काढली, उघडून दाखवली. कानाचं मशीन. सहा महिन्यांपूर्वी डॉक्टरनी दिलेलं.

"मग लाव ना मेले! डबीत काय ठेवतेस?"

"लावते, मानसांत बसताना. बोलला ता समजता. पन गाना..." तिनं डबी मिटली. "सुमे, पत्र्यावर खडे पडावेत ना, तसा ऐकू येता. तू यायच्या आधी दोनी लावून बघितले. तुजा कुठला, माजा कुठला, मना समजला न्हाय. मग कशाला भांडू?"

मला तिचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. दया म्हणून दिलेला नंबर! वर्गात मी कधी कुणाला असा मार्क दिला नाही आणि मला तो माझ्याच पडवीत मिळाला होता. पण राग ओसरल्यावर उरली ती भीती. गुडघे जातात, केस जातात, माणसं जातात, त्याची मनाची तयारी करून ठेवलेली असते. जुबेदाच्या कानातून गाणी जातील हे माझ्या हिशेबात कुठेच नव्हतं. भांडायला समोर कुणी नसेल तर पाठमोऱ्याचं मी काय करू? तो मला एकटीला आवडतो की नाही हेसुद्धा मला सांगता आलं नसतं.

दोन दिवस आम्ही यादीचं नाव काढलं नाही. भावाची तब्येत, मुलांचे फोन, आंब्याला यंदा लागलेली कीड, असल्या गप्पा. तिसऱ्या दुपारी नेहमीसारखं विजेचं व्होल्टेज पडलं आणि पडवीतला पंखा कण्हत कण्हत मंद झाला. ते कण्हणं ऐकता ऐकता मी हातातली सुपारी खाली ठेवली. जुबेदानं जे लावून बघितलं होतं ते फोनवर, आणि फोनवरचे सगळे घाईतले, होस्टेलमधले. आमचे नव्हेतच ते.

मी मुलीला फोन लावला. वेगही खाली आणेल आणि आवाजाची पट्टीही, असं काही मिळतं का. ती म्हणाली, "आई, लोक गाणं सुधारायला अ‍ॅप मागतात. तू बिघडवायला मागतेस." पण तिनं शोधून दिलं, फोनवर तास घालवून शिकवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी जुबेदाला मशीन लावायला लावलं. कुरकुरत तिनं लावलं. आधी लाल हातमोजे आहेत तसे लावले. एसटी स्टँडवरची घोषणा ऐकावी तसा तिचा चेहरा. मग मी पट्टी थोडी खाली आणली. काही नाही. आणखी थोडी. तिच्या कपाळाला आठी पडली. आणखी थोडी. तिनं हात वर केला.

"अजून," ती म्हणाली. "ह्यो सकाळचा हाय. आपन दुपारी ऐकायचो. दुपारी टेप अजून ढिला पडायचा."

मी आणखी खाली आणलं आणि जुबेदाचं पाऊल हललं. मग बोटं. मग ओठ. आणि कडव्याच्या शेवटी बरोबर जागेवर, गळा काढून, "कालवण उतू गेलं!" माझ्या भावानं वाडीतून धावत येऊन विचारलं, काय झालं.

मशीननं किती ऐकवलं आणि तिच्या आठवणीनं किती भरून काढलं, देव जाणे. मला वाटतं निम्मं निम्मं. वेगळ्या वेगात ते गाणं तिच्या ओळखीचंच नव्हतं, त्यामुळे आठवणीला शिरायला फटच मिळत नव्हती. आम्ही पाठमोरा लावला, त्याच ढिलाईत. ती डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "रडका हाय गो तुजा पाठमोरा. पयल्यापासनंच रडका." मला मिठी मारावीशी वाटली. मी म्हटलं, "तुझी ती तरी काय, हात दाखवते आणि तोंड लपवते." म्हणाली, "तोंडाशी तुला काय करायचाय? नंबर परत दे माजा." मी म्हटलं, दिलेला नंबर परत मिळत नाही. ती म्हणाली, "बहिऱ्या मानसानं दिलेला नंबर धरतात काय?"

आम्ही पुन्हा लाल हातमोजे लावले. पहिली बाजू संपली आणि फोन थांबला नाही. फोनला बाजू नसतात. दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं सुरू झालं, आमच्याच वेगात.

जुबेदाचा चेहरा रिकामा झाला. ते तिनं कधी ऐकलेलंच नव्हतं. आठवणीकडे तिथे काहीच नव्हतं, नुसतेच पत्र्यावरचे खडे. मी बंद करायला हात पुढे केला, तिनं माझं मनगट धरलं. ते गाणं तिनं पूर्ण ऐकलं. पुढचंही. मान किंचित वाकडी करून, खालांचा निरोप ऐकला होता तशी. मग म्हणाली, "बंद कर."

मी बंद केलं.

"तू ऐकलायस ना ही बाजू? कशी हाय?"

चाळीस वर्षांत तिनं हे कधी विचारलं नव्हतं. आता ती स्वतः ऐकून ठरवू शकणार नव्हती, म्हणून विचारत होती. माझ्या तोंडाशी आलं होतं, फार सुंदर आहे, तूच बरोबर होतीस, पहिला नंबर तुझा. किती सोपं होतं. तिला आयुष्यभर पुरलं असतं. पण चार दिवसांपूर्वी तिनं मला असंच काही तरी दिलं होतं, आणि ते हातात घेऊन मला कसं वाटलं होतं हे मी विसरले नव्हते.

"खरा सांग," ती म्हणाली.

"सुमार आहे," मी म्हटलं. "दोन गाणी मध्यम. बाकी फटोर. शेवटचं तर खोका."

जुबेदा हसायला लागली. इतकी हसली की मशीन कानात शिट्ट्या मारायला लागलं. ओढणीनं डोळे पुसत म्हणाली, "म्हंजे मी काय बी घालवलं न्हाय! माज्या अम्मीनं बराच केला त्याच्यावर भरलान ते." आणि मग लगेच, बोट माझ्यावर रोखून, "आनि माजी एक बाजू तुज्या अख्ख्या पाठमोऱ्याला चाळीस वर्सा टक्कर देते. सांग आता, पहिला कोन?"

मी सरसावून बसले. म्हटलं, अल्बम म्हणजे दोन्ही बाजू. एका बाजूवर नंबर द्यायचा तर उद्या जत्राही वर येईल. जुबेदानं ऐकलं, मान डोलावली, कानातून मशीन काढलं, ओढणीला पुसलं, डबीत ठेवलं, डबी पिशवीत ठेवली आणि सुपारीची टोपली पुढे ओढली. मी बोलतच होते. पाठमोऱ्याच्या दुसऱ्या बाजूचं चौथं गाणं काढलं, त्याचा शेवट काढला, आई त्याला काय म्हणाली होती तेही काढलं. ती सोलत होती आणि हसत होती. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच माझे सगळे मुद्दे कुणी मध्ये न तोडता मांडून झाले, आणि मी हरले.